धाकट्याने दिलेला शब्द

"चला मंडळी, आज परत आपली नोकरी गेली," असं म्हणत आमचे काका ऑफिसात शिरायचे. डोक्यावर हेल्मेट तसंच आणि हातातला मोबाइल डोळ्यांपासून लांब धरलेला. पाण्याच्या फिल्टरपाशी उभे राहून ते सकाळची बातमी वाचून दाखवायचे. परदेशातल्या कुठल्यातरी मोठ्या कंपनीचा मालक म्हणालेला असायचा की सहा महिन्यांत प्रोग्रॅमर लागणारच नाहीत, सगळं काम एआय करील.

"ह्या सहा महिन्यात मी तीन वर्षं काढली," काका पाण्याचा घोट घेत म्हणायचे. "आणि एक बघा, हे सांगणारा माणूस सोताची नोकरी काय सोडत नाय."

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, आठवून बघा. आमचे हे काका पंचेचाळिशीचे. आमच्या धंद्यात चाळिशी उलटली की माणूस थेट काका होतो, दादा नावाचा टप्पा मध्ये लागतच नाही. घर फुलंब्रीला. शेती थोरला भाऊ बघायचा आणि हे रोज मोटरसायकलवर चिकलठाण्याला यायचे. आमचं ऑफिस एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली पत्रा कापायच्या मशीनचा दणका बसला की वर आमचा चहा हलतो. पुण्याहून इंटरव्ह्यूला आलेला एकजण त्या दणक्यानं इतका दचकला की चहा न घेताच निघून गेला.

आम्ही वजनकाट्यांचं आणि दूध संकलन केंद्रांचं सॉफ्टवेअर करतो. काट्यावर माल चढला की वजन कॉम्प्युटरवर येतं आणि पावती निघते, एवढंच. पण ते अडलं की दारात रांग अडते आणि रांगेतली माणसं काही सॉफ्टवेअरवर चिडत नाहीत, समोर बसलेल्यावर चिडतात. हे सॉफ्टवेअर मुळात काकांनीच लिहिलेलं. त्यात ठिकठिकाणी त्यांनी मराठीत सूचना घालून ठेवल्या होत्या. एक तर आम्हाला तोंडपाठ होती: "हे का चालतंय माहीत नाय. हात लावू नये."

एआय आलं तेव्हा आम्ही मोठ्या हौसेनं तो जुना कोड त्याला नीटनेटका करायला दिला. त्यानं ती सूचना वाचली, अनावश्यक ठरवली आणि खालच्या ओळींसकट उडवून टाकली. वर आनंदानं कळवलं की कोड आता अधिक सुटसुटीत झाला आहे. दुपारपर्यंत निम्मे काटे बंद पडले. आम्ही घामाघूम झालो होतो आणि काका पोट धरून हसत होते.

"नवा जावई असाच असतो," ते म्हणाले. "आल्या आल्या सासऱ्याच्या घरातली वायरिंग बदलतो."

मग शांतपणे बसून त्यांनी सगळं पूर्ववत केलं आणि जुन्या सूचनेखाली एक ओळ वाढवली: "तू बी लावू नको."

तरी काळ कोणासाठी थांबत नाही. कोड लिहायचं काम हळूहळू आम्ही आणि एआय मिळून करायला लागलो, आणि काकांकडे राहिली ती ग्राहकांची अडचण निवारायची बाजू. त्यातही त्यांची तऱ्हा होती. आपल्याकडचा माणूस अडचण आधी कधी सांगतो का? आधी पाऊस, मग पोरांची शाळा, मग तब्येत, आणि निरोप घेता घेता, "अन् हां, ते काट्याचं जरा बंदच हाय सकाळपून." काका ह्या सगळ्यात मनापासून रमायचे. फोनवर मिटलं तर ठीक, नाहीतर मेसेजच्या शेवटी ठरलेलं वाक्य: "उद्या येतो, चहा ठेवा." आणि ते खरंच जायचे.

गेल्या वर्षी साहेबांनी ठरवलं की ग्राहकांच्या मेसेजना एआयनंच उत्तर द्यायचं. ते आपल्या माणसांसारखं बोललं पाहिजे, म्हणून काकांचे वर्षानुवर्षांचे मेसेज त्याला शिकायला दिले. हे नवं मशीन रुळलं की दिवाळीनंतर ह्या कामाला वेगळा माणूस ठेवायचा नाही, हेही साहेबांनी काकांना सांगून टाकलं. साहेब वाईट नाहीत. सांगताना ते टेबलाकडे बघत होते.

काका मात्र मशीनचं बोलणं वाचून खूश. "माझ्यासारखंच बोलतंय की! हा आमचा धाकटा." तेव्हापासून ऑफिसात त्याचं नाव धाकटाच पडलं.

पंधरा दिवस बरे गेले. मग एका दुपारी पाचोडच्या मोसंबीच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. "काका, लई वाट बघितली राव. सकाळी येतो म्हनले. चहा दोनदा गार झाला."

"मी म्हनलो?" काका चक्रावले. मेसेज उघडून बघितले तर धाकट्यानं पाऊसपाणी विचारलं होतं, मालाचा भाव विचारला होता, आणि शेवटी लिहिलं होतं, "उद्या येतो, चहा ठेवा." आम्हाला उलगडा झाला. शेकडो मेसेजच्या शेवटी तेच वाक्य बघून धाकट्याला वाटलं होतं, निरोप घ्यायची ही इथली रीत असावी.

काकांनी हेल्मेट उचललं. साहेब म्हणाले, "अहो, मशीननं लिहिलंय ते. सांगा त्यांना तसं."

"शब्द तर गेला ना साहेब. कोनी दिला ते आल्यावर बघू," असं म्हणून ते जिना उतरलेसुद्धा.

त्यानंतर धाकट्यानं जिल्हाभर शब्द वाटले आणि काका ते पाळत हिंडले. आम्ही आतून खूश होतो. "काका, हे असंच राहू द्या," मी एकदा म्हणाले. "जोवर हा येतो म्हणतोय, तोवर जायला माणूस लागणार. साहेब तुम्हाला कुठून काढतात?"

"लई हुशार हाय ताई तुम्ही," ते हसून म्हणाले. हो म्हणाले नाहीत, पण दुरुस्तीलाही बसले नाहीत. घरी बारावीची मुलगी होती, नोकरी त्यांनाही हवीच होती. मीही मग तो विषय काढला नाही.

असाच श्रावण गेला. एके दिवशी ते फुलंब्रीच्या पुढच्या एका गावाहून परत आले आणि थेट खुर्चीत येऊन बसले. त्या गावात एक बाई दूध संकलन केंद्र चालवतात. धाकट्यानं त्यांना आदल्या दिवशीचा शब्द दिला होता आणि त्याच दिवसाचा दुसरा पाचोडलाही दिला होता. काका पाचोडला गेले. बाईंना दिलेल्या शब्दाचा त्यांना पत्ताच नव्हता.

"त्या दिवशी त्यांच्या भाचीचा साखरपुडा होता," काका मला म्हणाले. "घरचे समदे गेले. ह्या मागं राहिल्या. मी येनार म्हनून. आज गेलो तर चिडल्या बी नाहीत हो. म्हनल्या, तुमी कधी असं करत नाय, म्हनून काळजी वाटली."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बातमी वाचली नाही. सरळ कॉम्प्युटर उघडला आणि धाकट्याला शिकवायला बसले. येतो म्हणायचं नाही. कोणाला ताटकळत ठेवायचं नाही. विचारलं तर आपण मशीन आहोत हे साफ सांगायचं.

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. "काका, हे झालं की तुमचं काय होणार, कळतंय ना?"

"कळतंय की." त्यांची नजर पडद्यावरच होती. "नोकरी दुसरी बघू, ताई. त्या बाईनं तर माझ्या भरवशावर साखरपुडा सोडला ना."

तिथं रडणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी फिल्टरपाशी जाऊन उगाच पाणी प्यायले.

काम त्यांनी चोख केलं. धाकटा सुधारला, शब्द द्यायचा थांबला, आणि दिवाळी झाल्यावर काका गेले. निरोपाला सामोसे होते. साहेब भाषण करायला उभे राहिले आणि दोन वाक्यांत बसले. काकांनीच मग सगळ्यांना हसवलं. जालन्याच्या एका बियाण्याच्या कंपनीत त्यांना काम मिळालंय. पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला, "ताई, इथं बी एक मशीन हाय आन त्याला शिकवायला मलाच बसवलंय. पहिले नाय म्हनायला शिकवलं."

परवा त्याच बाईंचा मेसेज आला. दुधाचं फॅट मोजायचं मशीन कॉम्प्युटरला आकडाच देत नव्हतं. धाकट्यानं वायर तपासायला सांगितलं, दोन उपाय सुचवले, आणि शेवटी प्रामाणिकपणे लिहिलं, "मी मशीन हाय, मला येता येत नाय."

बाईंनी लिहिलं, "ते कळलं. मग माणूस कवा येतंय?"

धाकट्यानं तेच उत्तर परत दिलं. बाईंनी तोच प्रश्न परत विचारला. शेवटी मी मध्ये पडले आणि लिहिलं, "उद्या सकाळी येते." साहेबांना सांगितलं, तर त्यांनी गाडीची किल्ली पुढे केली.

रस्ता विचारायला काकांना फोन लावला. त्यांनी सगळी वळणं सांगितली आणि वर बजावलं, "गेल्या गेल्या मशीन उघडू नका. पहिले बसा. घरचं विचारा. मग वायर."

सकाळी पोचले तेव्हा केंद्रापुढची रांग ओसरली होती. गाडीचा आवाज ऐकून बाई लगबगीनं बाहेर आल्या. मी काकांच्या कंपनीतून आलेय म्हणाले. त्या हसल्या, या म्हणाल्या, आणि माझ्या मागं रस्त्याकडं बघत तशाच उभ्या राहिल्या.

"एकट्याच आलात व्हय?"