अनेक ग्राहकांची तक्रार

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी, कोल्हापुरातल्या एका दैनिकाच्या पाचव्या पानावर तळाला सहा ओळींची बातमी आली. मंगळवार पेठेत तालमीसमोरच्या कट्ट्यावर म्हशीचं दूध मापात कमी भरतं, पितळी माप वापरणाऱ्या विक्रेत्याबद्दल अनेक ग्राहकांनी नाराजी व्यक्त केली आहे, संबंधितांनी लक्ष घालावं — एवढाच मजकूर. बातमीवर नाव नव्हतं. ती मी लिहिली होती.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, कचेरीत नाही. मग तुम्हालाच का सांगते आहे? माहीत नाही. क्रमाने सांगते. क्रम लावणं हेच माझं काम आहे.

मी उपसंपादक. बातमीदार जे आणतात ते तपासायचं, कापायचं, जागेत बसवायचं. त्या वर्षी जूनमध्ये मी ठाण्याहून कोल्हापूरला आले. मंगळवार पेठेत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. खाली घरमालकीण राहायच्या. त्यांना सगळी गल्ली माई म्हणते, मीही म्हणू लागले.

नव्या गावात गेल्यावर होतो तो त्रास झालाच. गिझर दुरुस्त करणारा ‘निघालोच की’ म्हणाला आणि चौथ्या दिवशी आला. गॅसच्या कचेरीत काल दिलेला कागद आज पुन्हा मागितला. इंटरनेटवाल्याने खिडकीला वायरीचं वेटोळं अडकवलं आणि तो गेला तो गेलाच. पण हे ठाण्यातही होतं. याची मला सवय होती.

सवय नव्हती ती दुसऱ्या गोष्टीची. सुटे नसले की किराणावाला म्हणायचा, “ऱ्हाऊ द्या की, उद्या द्या.” माझं नावही त्याला माहीत नव्हतं. भाजीवाली न मागता मूठभर मिरच्या पिशवीत टाकायची. मी घरी येऊन खालचे टोमॅटो उलटेपालटे करून बघायचे. नव्या चपलेचा एक अंगठा उसवला म्हणून पावती घेऊन, चार वाक्यं मनात जुळवून दुकानात गेले. मी तोंड उघडायच्या आत त्या माणसाने दुसरा जोड काढला आणि चहा सांगितला. चहा प्यायले — आणि तो दुसरा जोड पहिल्यापेक्षा जास्त बारकाईने तपासला. हा माणूस इतका सहज कबूल का झाला? काय लपवतो आहे? असं मला प्रत्येकाबद्दल वाटायचं. त्याला मी चौकसपणा म्हणायचे.

दुधाचं असं झालं. माझ्या हातात पिशवीचं दूध बघून माई जिन्यातच थांबल्या. “पिशवीचं? हितं राहून? अगं, दारात म्हशी येत्यात की!” दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक किटली दिली आणि कट्टा दाखवून आल्या.

तालमीसमोर सकाळी दोन माणसं म्हशी घेऊन यायची. एक तुकाराममामा, दुसरा बाबू. गिऱ्हाइकासमोर धार काढायची, समोरच मापून द्यायचं. दोघांच्या दोन-दोन म्हशी शेजारी-शेजारी बांधलेल्या. बाबूचं माप स्टीलचं, तुकाराममामांचं पितळेचं, घासून लखलखीत केलेलं. दोघे वीस वर्षं तिथे बसत होते, असं माईंनी सांगितलं. एकाला यायला जमलं नाही तर दुसरा त्याच्या म्हशी पिळायचा. मी मामांकडे गेले, कारण त्यांच्याकडे रांग मोठी होती.

मामा चरवीतून माप भरायचे. वर फेस चढलेला. ते माझ्या किटलीत ओतायचे आणि मग किटलीकडे हात करायचे. “थांबा की ताई, धार घेऊन जावा.” त्यांना किटली म्हशीच्या आचळाखाली धरायची असायची. मी ती मागे ओढायचे आणि झाकण लावायचे. मामा हसायचे. “म्हशीला भ्यालासा व्हय? ती ठाण्याच्या मानसाला खात न्हाय!” रांग हसायची. मला वाटायचं, हा पाहुण्यांसाठीचा खेळ आहे. तिथे काही लोक उभ्या-उभ्या पेल्यात धार घेऊन पितात, ते मी पाहिलं होतं. म्हटलं, मलाही तसंच गळ्यात मारायचं असेल. नाही म्हणायचं, घरी यायचं.

घरी काचेचं मोजपात्र होतं. एका सकाळी मोजलं. लिटरला साधारण अर्धा पेला कमी. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. आठ दिवस मोजलं, वहीत लिहिलं. रोज कमी. मला — हे लिहिताना संकोच वाटतो — मला बरं वाटलं. इतक्या दिवसांनी एक जण सापडला होता.

मामांना मी विचारलं का? नाही. रांगेतल्या कोणाला? नाही. माईंना? त्या तर खालीच होत्या. बातमीदाराने असा मजकूर आणला असता तर मी पहिला प्रश्न केला असता : समोरच्याची बाजू कुठे आहे? दुसरा प्रश्न : ग्राहक किती, नावं काय? मी हे दोन्ही प्रश्न रोज विचारते. त्या गुरुवारी पाचव्या पानावर तळाला सहा ओळींची जागा रिकामी राहिली होती. मी ती भरली.

अनेक ग्राहक नव्हते. ग्राहक एकच होता.

नाव छापलं नाही, म्हणून मी स्वतःला सावध समजत होते. पण पितळी माप लिहिलं होतं. पेठेत ते कोणाचं हे कोणाला सांगावं लागणार होतं?

शुक्रवारी सकाळी तालमीतली पोरं ओरडली, “मामा, फेस कसा लिटर?” मामांनी वर बघितलं नाही. मी रांगेत होते. रांग त्या दिवशीही तेवढीच होती. सोमवारी अर्धी झाली. मंगळवारी वजनमापाचा तपासनीस आला आणि त्याने चारचौघांत पितळी माप पाण्याने भरून तपासलं. माप बरोबर निघालं. आमच्या बातमीदाराने ते लिहून पाठवलं, चार ओळी. त्या माझ्याच टेबलावर आल्या. त्या दिवशी पानावर जागा होती. मी कागदावर ‘जागेअभावी’ असं लिहिलं आणि तो बाजूला ठेवला.

मग कमी कसं भरत होतं? तेही कळलं, त्याच आठवड्यात. मी एव्हाना बाबूकडून दूध घ्यायला लागले होते — हो, तेही केलं. माई सोबत होत्या. बाबूने माप ओतलं, किटलीकडे हात केला, मी मागे ओढली. माईंनी माझं मनगट धरलं.

“काय करतीस? धर की खाली!”

“कशाला?”

“कशाला म्हंजे? मापात निम्मा फेस असतोय. तो जिरला की दूध कमी. म्हणून वरनं तीन धारा मारून देत्यात. तू काय आजवर तशीच जात हुतीस?”

बाबू म्हशीच्या पोटाला टेकून हसला. “तुकामामा म्हनायचाच, ठाण्याच्या ताई धार सोडून जात्यात, लई मोठ्या मनाच्या हायत.”

त्या दिवशी घरी मोजलं. लिटरपेक्षा थोडं जास्तच भरलं.

म्हणजे मामा रोज मला माझं राहिलेलं दूध देत होते आणि मी रोज ते नाकारत होते. त्यांनी समजावून सांगितलं नाही, कारण हे समजावून सांगायची गोष्ट आहे असं त्या पेठेत कोणाला सुचलंच नसतं. तिथलं शेंबडं पोरही किटली खाली धरतं.

त्या सकाळी मला सगळं माहीत झालं होतं. तपासणीच्या चार ओळी माझ्याकडे होत्या. खुलासा लिहायला दहा मिनिटं पुरली असती. संपादकांनी विचारलं असतं, ते अनेक ग्राहक कोण? मी खुलासा लिहिला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यापुढच्याही.

रांग आता बाबूकडे होती. मामांना संशय यायला तेवढं पुरलं. माझं गिऱ्हाईक तुझ्याकडं गेलं, मग पेपरात कोण गेलतं? — असं त्यांनी कट्ट्यावर सगळ्यांसमोर विचारलं. बाबूने अंबाबाईची शपथ घेतली. मामा म्हणाले, शपथ चोरबी घेतोय. हे मी किटली हातात धरून, पाच पावलांवरून ऐकलं. त्या दिवसानंतर दोघांनी म्हशी एका ओळीत बांधल्या नाहीत. मामा रस्त्याच्या पलीकडे बसू लागले. संक्रांतीनंतर ते यायचे थांबले. दोन्ही म्हशी विकून गारगोटीला लेकीकडे गेले, असं माईंकडून कळलं.

इथवर जे झालं ते लिहिण्याचं आणि न लिहिण्याचं होतं. त्यानंतरचं वेगळं आहे.

मार्चमध्ये कामासाठी गारगोटीला गेले होते. बाजारात मामांनीच मला ओळखलं. “अवं ठाण्याच्या ताई! हिकडं कुठं?” अंगात धुतलेला पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. चहा पाजल्याशिवाय सोडेनात. माझी चौकशी केली, माईंच्या गुडघ्याची केली. मी म्हशींचं विचारलं. “दिल्या की. हितं बांधायला जागा कुठाय? लेकीच्या घरात पिशवीचं येतंय. पाणी नुसतं.” मग कप खाली ठेवून त्यांनी आवाज हळू केला.

“ताई, तुमी पेपरात हायसा न्हवं?”

“हो.”

“एक विचारतो. रागावू नगा. ती बातमी कुनी दिल्ती?”

मी काय म्हणाले असेन? सांगायला याहून चांगली जागा आणि वेळ मला मिळणार नव्हती. समोर एकच माणूस होता आणि तो मला चहा पाजत होता.

मी म्हणाले, “मामा, बातमी देणाऱ्याचं नाव आम्हाला सांगता येत नाही. तसा नियम असतो.”

नियम खरा आहे. मामांनी मान हलवली.

“म्हंजे बाबूच. दुसरा कोन असता तर ‘बाबू न्हवं’ येवढं तरी तुमी म्हनला असतासा. माज्या मनात वाईच शंका हुती ताई, उगा मानसावर आळ घेतला का काय म्हनून. लई दिवस झोप न्हवती. आता मिटलं.”

ते थांबले. मी काही बोलले असते तर ऐकायला ते थांबले होते, असं मला वाटतं. मी चहा संपवला. पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

मे महिन्यात बाबूच्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका घेऊन बाबू स्वतः गारगोटीला गेला होता. लग्नात मी माईंबरोबर होते. तुकाराममामा आले नाहीत.