उपडा ग्लास

त्या दुकानाने तीन जन्म पाहिले. आधी तो गोदीतल्या हमालांचा गुत्ता होता. उभ्याने प्यायची आणि वाटेला लागायचं. मग छापखान्यातली माणसं येऊ लागली, बाकं आली, गुत्त्याचा बार झाला. शेवटी मालकाच्या मुलाने भिंती काळ्या रंगवल्या, कानठळ्या बसवणारं संगीत लावलं आणि पब म्हणायला सुरुवात केली. काउंटरमागे मात्र तिन्ही वेळा मामाच, खांद्यावर फडकं टाकून. हा माणूस स्वतःच्या लग्नातही फडक्याशिवाय उभा राहिला नसेल.

आणखी एक गोष्ट बदलली नाही. खिडकीजवळच्या फळीवर जुन्या गिऱ्हाइकांचे ग्लास असत, ज्याचा त्याला. माणूस हयात असेतो ग्लास उपडा, आणि मामा तो रोज पुसत. माणूस गेला की ग्लास सुलटा ठेवायचा. मग त्याला कुणी हात लावायचा नाही.

त्यात मामांच्या थोरल्या भावाचाही ग्लास होता. वीस वर्षांपूर्वी तो घरात भांडून जहाजावर गेला, तो परतलाच नाही. वहिनी दर सोमवारी भाजीची पिशवी घेऊन खिडकीपाशी थांबायची, उपडा ग्लास बघायची आणि पुढे जायची. अकरा वर्षांपूर्वी भाऊ परमुलखात वारल्याचं पत्र मामांना आलं. ग्लास सुलटा करायला त्यांनी हात उचलला, तेवढ्यात खिडकीत वहिनी दिसली. हात मागे आला, तो आलाच. भित्रा म्हणा हवं तर.

आता तिथे औषधांचं दुकान येणार होतं. शेवटच्या दुपारी म्हातारी गिऱ्हाइकं आपापले ग्लास घेऊन गेली. वहिनीही आली, पहिल्यांदाच उंबरा ओलांडून. आज सांगावंच लागणार होतं.

"वहिनी, दादाचा ग्लास..."

"सुलटा करा, भावजी."

मामांनी वळून फळीकडे पाहिलं.

"बाकीचे ग्लास लखलखीत आणि ह्यांच्या ग्लासावर तेवढी धूळ," ती म्हणाली. "रस्त्यावरूनही दिसते ती."

"गेलेल्याचा ग्लास पुसायला हातच धजत नव्हता," मामा म्हणाले. "पण मग दर सोमवारी थांबत का होतात?"

"तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत असायचात. मी यायची थांबले असते, तर मला कळलंय हे तुम्हाला कळलं असतं."

मामांनी खांद्यावरचं फडकं काढलं. अकरा वर्षांची धूळ पुसता पुसता त्यांना रडू फुटलं. मग ग्लास सुलटा करून त्यांनी वहिनीच्या हातात दिला.