आधी चौथं रीळ, मग तिसरं

आमच्या गावच्या थिएटरात एकोणतीस वर्षं सिनेमे दाखवणाऱ्या ऑपरेटरला सगळे ‘बिनचूक’ म्हणतात. हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला लावून घेतलं असावं, असा माझा जुना संशय आहे. किराणा दुकानाच्या रांगेतसुद्धा ते कुणालाही सांगत, “एकोणतीस वर्षं मशीन चालवलं. पडदा कधी पांढरा पडला नाही, की चित्र कधी उलटं आलं नाही.”

पुढे थिएटर बंद झालं आणि तिथे फर्निचरचं दुकान आलं. मशीन ग्रंथालयाने नेलं, आणि मशीनबरोबर बिनचूकही गेले. महिन्यातून एका रविवारी, सकाळी दहा वाजता, ते ग्रंथालयाच्या सभागृहात जुना सिनेमा दाखवतात. मशीनची खोली वर आहे. जिन्याला चौदा पायऱ्या आहेत आणि बिनचूक एक्याऐंशी वर्षांचे आहेत. सदऱ्याच्या खिशात मऊ फडकं असतं. ते भिंगासाठी. चष्मा ते बाहीला पुसतात.

या महिन्यात छत्रीचा सिनेमा यायचा होता. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, पण गावात कुणी ते घेत नाही. अडतीस वर्षांपूर्वी आमच्याकडे तो तीन आठवडे चालला. सात पानांच्या एका छोट्या गोष्टीवरून तो काढला होता. ती गोष्ट मिशनच्या शाळेत सिस्टरनी आम्हाला वाचून दाखवली होती, त्यामुळे मला थोडा जास्तच अभिमान. छत्र्या दुरुस्त करणारा एक माणूस असतो. त्याच्याकडच्या एका काळ्या छत्रीखाली दोघे उभे राहिले की एकाच्या मनात राहून गेलेलं दुसऱ्याला ऐकू येतं. त्याचा आणि आईचा बारा वर्षं अबोला. एवढीच गोष्ट. पण त्या सिनेमात पावसाचा आवाज असा धरला होता, की बाहेर कडक ऊन असताना लोक दारात येऊन छत्र्या चाचपत.

शनिवारी सकाळी आम्ही चौघं तो आधी पाहून घेत होतो. चित्रपट संग्रहालयाकडून नवी प्रत आली होती. वर बिनचूक, खाली ग्रंथपाल, बिनचूकांची मुलगी आणि वाचनमंडळाकडून मी. मुलीचं औषधांचं दुकान आहे, तिने तासाभरासाठी ते बंद ठेवलं होतं. तिसरं रीळ सुरू झालं. आई मोडकी छत्री घेऊन मुलाच्या दुकानात आली, आणि वरच्या खिडकीतून आरोळी आली,

“थांबवा! ही आत्ताच कशी आली? आधी मरायला हवी ती!”

ग्रंथपालांनी मुलीकडे पाहिलं, मुलीने माझ्याकडे. बिनचूक खाली आले, पुन्हा वर गेले. डब्याच्या झाकणावर तीन, फिल्मच्या पट्टीवरही तीन. “मग ही प्रतच चुकली,” ते म्हणाले. “आधी अंत्ययात्रा, मग आई येते. अख्ख्या गावाने पाहिलंय.”

“बाबा, तुम्ही दमलात,” मुलगी म्हणाली.

“मी दमलो की तू दमवतेस?”

जिन्याखाली तिने माझा हात धरला. “काकू, परवा दूध गॅसवर तसंच राहिलं. आज हे. वरती तापलेलं मशीन, हा जिना... खोलीची किल्ली मी काढून घेतलीय, उद्याचा खेळ झाला की ग्रंथालयाला परत देऊन टाकते. त्यांना कोण सांगणार, तेच कळत नाही.” तिचे डोळे भरून आले होते.

घरी येऊन मी त्या वर्षाची डायरी काढली. नोंद सापडली: ‘शुक्रवार. छत्रीचा सिनेमा, तीनचा खेळ. ह्यांना मध्यंतरापर्यंत झोप. आईची अंत्ययात्रा होते, मुलगा छत्रीखाली एकटा चालतो, काहीच ऐकू येत नाही. आणि मग दारात आई: “झाली का रे माझी छत्री?” सगळं थिएटर हुंदके देत होतं. गोष्टीत असं नाही. दिग्दर्शकाने लेखकावर मात केली.’

हे शेवटचं वाक्य मी अडतीस वर्षं वाचनमंडळात ऐकवत आले होते. आता कळलं, मात करणारा दिग्दर्शक नव्हताच.

माझी डायरी घराबाहेर कधी जात नाही. त्या दुपारी गेली. बिनचूकांनी नोंद वाचली आणि मांडीवर थाप मारली. “बघा! मी म्हणत नव्हतो?” मग त्यांचा हात तसाच राहिला.

“वहिनी... म्हणजे...”

“हो.”

“तीन आठवडे?”

“रोज तीन खेळ. त्रेसष्ट वेळा.”

“मोजायची काय गरज होती?”

बराच वेळ ते फडक्याची घडी घालत आणि मोडत बसले. “नवे डबे आले की पट्टीवरचा आकडा बघायचा असतो. झाकणांची अदलाबदल होते. मी झाकण बघितलं असणार.”

“पण खेळ चालू असताना कळलं नाही?”

“मी खिडकीतून चित्र स्पष्ट आहे का ते बघतो, गोष्ट कुठे बघतो? आणि जादूचा सिनेमा! मेलेली आई परत आली, तर म्हटलं येत असेल.”

मला हसू आवरेना. ते मात्र हसले नाहीत. “ही वही कुणाला दाखवू नका. विसराळू म्हणू दे मला. विसरणं वयाचं असतं. चूक माझी असते.”

“मग किल्ली जाईल. मुलगी उद्या परत देणार आहे.”

त्यांनी वही माझ्यापुढे धरली. मी वही टेबलावर ठेवली. “उद्या दहा वाजता परत हवी. पानाला चहाचा डाग नको.”

रविवारी साठेक माणसं आली, बहुतेक पांढऱ्या केसांची. बिनचूक वर न जाता पडद्यापुढे येऊन उभे राहिले. सदऱ्याची वरची गुंडीही लावलेली होती.

“एकोणतीस वर्षांत एक चूक झाली,” ते म्हणाले. “तिसऱ्याच्या आधी चौथं रीळ लावलं. ती चूक तुम्ही तीन आठवडे पाहिलीत आणि वर टाळ्या वाजवल्यात. पुरावा या वहिनींच्या वहीत आहे.”

मग मागून निवृत्त मुख्याध्यापिका उठल्या. “अहो, म्हणजे आज आमची आई परत येणारच नाही?”

एकच गलका झाला. “आमचाच लावा!” “डोळे पुसायला दोन रुमाल आणलेत मी!” ग्रंथपाल घाबरून म्हणाले, “पण मूळ क्रम...”

“मूळ क्रम पुढच्या रविवारी, जादा खेळात,” बिनचूक म्हणाले. “दोन्ही बघा, मग भांडा.”

पहिल्या रांगेत त्यांची मुलगी माझी वही वाचून हसत होती, हसता हसता रडत होती. तिने पर्समधून किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. “जा बाबा. दुधाकडे मात्र मीच बघेन.”

“बघ की. मी कधी म्हटलं दूध बिनचूक तापवतो?”

चौदा पायऱ्या चढायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, पण दिवा लागला. आधी अंत्ययात्रा झाली. मुलगा छत्रीखाली एकटा चालत गेला. मग दार उघडलं आणि आई म्हणाली, “झाली का रे माझी छत्री?” यावेळी रडायचं नाही असं मी ठरवून गेले होते. ते जमलं नाही.

खेळ संपल्यावर बिनचूकांनी वरच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“वहिनी, आज मुद्दाम लावलं, असं लिहा हो वहीत!”

लिहिलं आहे.