गॉथिक कथा आणि आमची रिकामी गल्ली

घाबरट माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत, लोक घरपोच आणून देतात. मी यंदाच धारूरजवळच्या एका गावात कॉलेजला इंग्रजी शिकवायला लागले. भाड्याच्या खोलीत एकटी राहते आणि कुकरच्या शिट्टीलाही दचकते. दिवाळी झाली, गल्लीतली सगळी घरं कुलपं लावून ऊसतोडीला गेली. उरलो दोघीच: मी आणि समोरच्या म्हाताऱ्या गयामावशी. गेवराईहून पप्पांचा रोज फोन, "जमत नसेल तर सोड नोकरी, ये घरी."

*

वर्गात गॉथिक कथा चालली होती. भीती भुतामुळे नाही, जागेमुळे तयार होते, असं मी सांगत होते. जुना किल्ला, धुकं, पडक्या भिंती वगैरे.

"मॅडम, धारूरच्या किल्ल्याखाली आमी शेळ्या चारतो," मागच्या बाकावरून आवाज. "भ्या कावून वाटंल?"

"मग कशाचं वाटतं?"

पुढच्या बाकावरची मनीषा म्हणाली, "आई-बापू कारखान्याला गेले ना मॅडम, की घरातलं घड्याळ लई मोठ्यानं वाजतं."

त्या दिवशी पुढचं पान उलटलंच नाही.

*

हा तास स्टाफरूममध्ये पोचलाच. इतिहासाचे सर म्हणाले, "मॅडम, तुमच्या गल्लीत भूत यायचं न्हाई. त्याला बी माणसं लागतात."

सगळे हसले, मीही हसले. खोलीवर येऊन पुन्हा आठवलं, तेव्हा मात्र हसू आलं नाही.

*

एकदा संध्याकाळी बाहेरून हाक आली, "शांते, दार लाव गं, कुत्रं शिरंल."

शेजारच्या शांताच्या दाराला तर कुलूप! ती तिकडं कर्नाटकात ऊस तोडतेय. थोड्या वेळानं, "बबन, गाडी आत घे रे." पलीकडच्या घरातला बबनही तिकडंच.

मी लाइट बंद केला, लाटणं घेतलं आणि दार किलकिलं केलं. गयामावशी काठी टेकत एकेका कुलपापुढं उभ्या राहून हाका मारत होत्या.

"चोराला वाटावं, माणसं हायती," त्या म्हणाल्या. "लाटणं कशाला?"

"पोळ्या करत होते."

"अंधारात?"

*

संक्रांतीला गेवराईला गेले आणि पप्पांना सांगून टाकलं, नोकरी सोडते. सामान न्यायला रिकामी बॅग घेऊन एकटीच परत आले. दिवेलागणीची वेळ. बघते तर मावशी माझ्याच कुलपापुढं उभ्या.

"मॅडम, दार लावून घ्या. गारठा लई हाय."

"लावते, मावशी," मी मागून म्हणाले.

त्यांच्या हातातली काठी पडली. मला घाबरून कुणी दचकलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. मी सॉरी सॉरी म्हणत काठी उचलली. मावशी छातीला हात लावून पायरीवर टेकल्या.

"इतकी वर्सं हाका मारते," त्या म्हणाल्या, "ओ कुणीच दिली नव्हती गं."

मग काठीच्या आधारानं उठल्या.

"कुलूप काढ. आत जा. मी परत हाक मारते."

मी आत गेले, दार लोटलं. बॅग खाली ठेवली आणि दाराला कान लावून उभी राहिले. बाहेर मावशींनी पार गल्लीच्या टोकाकडून, पहिल्या घरापासून हाका सुरू केल्या.