मोठ्या जावेचा कडा

माझं माहेर बार्शीटाकळीकडचं. तिकडे रान असं सपाट की सुटलेला बैल दोन कोसांवरून ओळखता यावा. उंची म्हणून मला काही ठाऊक होती ती विहिरीच्या काठावरून खाली वाकून पाहिलेली, आणि तेवढ्यासाठीही आई पाठीत धपाटा घालायची. लग्न झालं आणि सासर मिळालं ते थेट मेळघाटच्या डोंगराच्या पायथ्याशी. परसदारी उभं राहिलं की मान मोडेपर्यंत वर पाहावं लागे.

सासरची माणसं माळी. विहीर, मोट आणि भाजीचे वाफे. तेव्हा इंग्रजांचा अंमल होता आणि आमचा वऱ्हाड नागपूरकरांच्या मध्यप्रांताला जोडलेला होता. उन्हाळा कडक झाला की साहेब लोक, त्यांचे कारकून, खानसामे, घोडे, कुत्री सगळा लवाजमा चिखलदऱ्याला चढायचा. या मंडळींना वर हिरवी भाजी लागे. कांदे, बटाटे, भोपळे आमचे पुरुष बैलगाडीतून घाटाच्या सडकेनं न्यायचे. त्याला दीड दिवस लागायचा. पण मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, दीड दिवसात गवत होऊन जाते. म्हणून पालेभाजी आणि कोवळी वांगी बायकांच्या डोक्यावरून पायवाटेनं जायची. झुंजुमुंजू होता होता निघालं तर न्याहारीच्या वेळेला वर.

ही वाट बाकी सगळी बरी होती. मध्ये शंभरेक पावलांचा कडा मात्र वाईट. उजव्या खांद्याला खडक घासतो, डाव्या हाताला काही नाही. रुंदी दीड वीत, कुठे दोन. माणसांच्या आणि शेळ्यांच्या पायांनी दगड गुळगुळीत झालेला. डोक्यावर खांद्यांपेक्षा रुंद टोपली, तिला धरायला एक हात वर, खडक चाचपायला दुसरा. एकदा कड्यावर पाय ठेवला की मागे वळायची सोय नाही. वळलात तर टोपली खडकाला आपटते आणि तुम्हालाच बाहेर ढकलते.

सासूबाईंनी मला पहिल्या दिवशी दोन गोष्टी बजावल्या होत्या. ज्या बाईच्या डोक्यावर पालेभाजी तिनं रांगेत सगळ्यात मागे चालायचं. आणि भाजीवर पाणी मारायचं ते कडा संपल्यावर, वरच्या झऱ्यावर, त्याच्या आधी एक थेंब नाही. “काहून?” असं मी विचारलं, तर म्हणाल्या, “काहून काय, सांगतलं तसं कराव.” कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

माझ्याबरोबर मोठी जाऊ असायची. तिला मी बाई म्हणायची. तिशीची असेल. दोन लेकरांची आई, बोलणं कमी आणि बोलली तर चिमटा काढल्याशिवाय सोडायची नाही. चौदा वर्षं ती त्या कड्यावरून जात होती. पहिल्या दिवशी मी थरथरत पलीकडे पोचले तेव्हा म्हणाली, “बार्शीटाकळीले असं काई नाई ना व? मंग रड आता पोटभर.”

पण मी रडत नव्हते. कड्याच्या मध्यावर मी खाली पाहिलं होतं आणि खाली एक घार उडत होती. घारीची पाठ मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. पायांची बोटं दगडाला आपोआप चिकटत होती, आणि आत कुठेतरी असं सुख भरलं होतं की ते कुणाला सांगायची सोय नव्हती. नव्या सुनेनं असलं काही सांगायचं नसतं. घरी सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, “भेव वाटला.” त्या खूश झाल्या.

महिन्याभरात मला त्या कड्याचं वेड लागलं. पुढे कुणी असलं की समोर फक्त तिची पाठ आणि टोपली दिसते. मला पुढे काहीच नको होतं. मी बाईच्या मागे लागले, “मले पुढं चालू द्या न.” दोन-तीनदा तिनं नाही म्हटलं. मग एकदा म्हणाली, “जाय बाप्पा. तुले उडाचंच हाय तर उड.” त्या दिवसापासून पालेभाजी घेऊन पुढे मी आणि वांगी घेऊन मागे ती. एक नियम असा मोडला, आणि काही झालं नाही.

दुसरा मी एकटीनं मोडला. त्या दिवशी ऊन सकाळपासूनच तापलं होतं. कड्याच्या अलीकडे, खालच्या झऱ्याशी टोपल्या उतरवल्या तेव्हा माझ्या सांबाराच्या जुड्या माना टाकून बसलेल्या. आदल्या दिवशी साहेबाच्या खानसाम्यानं माझी भाजी उचलून सगळ्यांसमोर नाक मुरडलं होतं, ते डोक्यात होतं. बाई लुगड्याचा काष्टा नीट करायला दगडाआड गेली होती. मी जुड्या पाण्यात बुडवल्या आणि वरचं फडकंसुद्धा न पिळता तसंच झाकलं. म्हटलं, चालता चालता निथळेल. निथळलंच. कुठे निथळेल ते माझ्या टाळक्यात आलं नाही.

मी कड्यावर होते तेव्हा पाणी टोपलीतून माझ्या पाठीवर गळत होतं. गार वाटत होतं. मी खुशीत होते, हे मी लिहून ठेवते, कारण ते खरं आहे.

मागून बाईच्या टोपलीतली वांगी दगडावर आपटत खाली जाताना ऐकू आली. टप, टप, मग बरंच खालून एक, मग काही नाही. किंचाळी नव्हती. मी जागच्या जागी थिजले.

“बाई!”

मी पुन्हा ओरडले. माझा आवाज समोरच्या डोंगरावरून परत आला, तिचा आला नाही. मला वळता येत नव्हतं. टोपली फेकून दिली असती तर वळता आलं असतं. पण भाजीची टोपली फेकायची असते हे मला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि माझा हात ती घट्ट धरून उभा होता. हे आठवलं की आजही मला माझ्या त्या हाताचा राग येतो.

“हाय मी,” बऱ्याच वेळानं खालून आवाज आला. “झाडाले धरून हाय. तू वळू नोको.”

“बाई, मी येते खाली.”

“येते म्हने! वळू नोको म्हनते ना? सरक पुढं.”

मी पुढे सरकले. ती मागे, खाली, आणि मी एकेक पाऊल तिच्यापासून लांब. उरलेली चाळीस-पन्नास पावलं मी कशी टाकली ते आठवत नाही. पलीकडे टोपली ठेवून वाकून पाहिलं तेव्हा ती दिसली. दोन पुरुष उंचीइतकी खाली, खडकाच्या एका ओठावर बसलेली, एका हातात कसल्याशा झुडपाचं खोड, आणि एक पाय नको त्या बाजूला वळलेला. तिच्याखाली पुन्हा नुसता कडा.

माझ्याजवळ दोर नव्हता. अंगावर नऊवारी लुगडं होतं. मी कमरेला हात घातला तशी ती खालून ओरडली, “लुगडं सोडू नोको. तू काडीएवढी. मी वडलं का दोघीबी जाऊ. वर गवळ्याच्या वाड्यावर जाय. दावी घेऊन ये म्हनाव.”

“तुमाले सोडून कशी जाऊ?”

“माही लेकरं हायेत घरी,” ती म्हणाली. एवढंच. मी पळत सुटले.

गवळ्यांची वस्ती वर अर्ध्या तासावर होती. वाटेत मी देवाला काय काय कबूल केलं त्याचा हिशेब नाही. तिथे एक म्हातारी आणि म्हशी. पुरुष रानात. म्हातारीनं हाळ्या घातल्या, दोघेजण यायला तासभर गेला. त्या तासात मी काय करू शकत होते? काही नाही. म्हशींची दावी सोडून एकाला एक गाठी मारत बसले. त्यांनी त्या गाठी पाहिल्या आणि सगळ्या सोडून नव्यानं मारल्या.

ती जिवंत वर आली. कड्यावरून तिला कसं आणलं ते मी पाहिलं नाही, डोळे मिटून घेतले होते. खांद्याखालून दोर बांधून ओढलं, मग एकानं पाठीवर घेतलं. तिच्या तोंडून एवढंच ऐकलं, “हळू न बाप्पा, म्हैस हाय का मी?”

बाजेवर घालून घरी आणली. हाडवैद्यानं पाय बांधला. तीन महिन्यांनी सोडला तेव्हा तो आखूड झाला होता आणि खुब्यातून वळत नव्हता. अंगणापुरती काठी टेकत ती चालायची, पण डोंगराकडे जाणं कायमचं संपलं. पाय कसा घसरला, असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी तिथेच चुलीशी होते. ती म्हणाली, “घसरला. मले काय माईत.” मी फुंकणी घेऊन चूल फुंकत राहिले.

तिच्या पडण्यानंतर आठ दिवसांनी सासूबाईंनी मला पुन्हा धाडलं. शेजारच्या दोघी बरोबर होत्या, मी सगळ्यात मागे, टोपली कोरडी. पहिले चार दिवस मी खांदा खडकाला घासत, खाली न पाहता गेले. पाचव्या दिवशी कड्यावर वारा सुटला आणि ते जुनं सुख परत छातीत भरून आलं. मला माझी किळस आली. मी त्याला हाकलायला पाहिलं, ते गेलं नाही.

बाई पडवीत बाजेवर पडल्या पडल्या जुड्या बांधायची. मी परत आले की रोज विचारायची, “आज कडा कसा होता?” मी रोज म्हणायची, “भेव वाटला, बाई.” तिला आणखी काय सांगणार? ती मान हलवायची आणि जुडीला गाठ मारायची.

हंगामाचा शेवटचा आठवडा होता. साहेब लोक खाली उतरायला लागले होते. मी तेच उत्तर दिलं आणि तिनं हातातली जुडी बाजूला ठेवली.

“किती दिवस खोटं बोलशीन व?”

मला वाटलं, पाण्याचंच विचारतेय. मी खाली बसले आणि ओकून टाकलं सगळं. सांबार, झरा, न पिळलेलं फडकं. तिच्या तोंडाकडे पाहायची हिंमत नव्हती.

“मले माईत हाय,” ती म्हणाली. “माह्याच तळपायाले लागलं ना ते पानी.”

“मंग घरात सांगतलं काहून नाई?”

“सांगतलं असतं तर तुले कोन जाऊ देल्लं असतं कड्यावर? आन् मंग मले इथं येऊन कोन सांगनार होतं?”

मला काही कळेना. ती छताकडे पाहत बोलत होती.

“चवदा वर्सं गेली मी तिथून. मीबी घरी सांगो का भेव लागते. कोनाले खरं सांगतलं नाई. ह्या घराबाहेर माही मनून तेवढीच जागा होती. पानी मारलं ते मारलं, पोरी, तुले का समजत होतं. पन रोज मी वाट पाहून राहिली, आन् तू रोज माह्यासाठी भेव घेऊन येतेस.”

मी रडायला लागले. तिला ते आवडलं नाही.

“रडू नोको. सांग. पहिल्या पावलापासून सांग, सगळं.”

तिनं डोळे मिटले. मी सांगू लागले. खडक खांद्याला कुठे लागला, वारा कुठल्या वळणावर आला, खालच्या झाडांना पालवी कशी फुटली होती. तिचे ओठ हलत होते, ती पावलं मोजत असावी. अर्ध्यावर, तिचा पाय गेला त्या दगडाशी मी आले आणि थांबले.

“थांबू नोको,” डोळे न उघडता ती म्हणाली. “मले पलीकडं ने.”

मला नेता आलं नाही.