‘म्हणे’ला साक्षीदार लागत नाहीत

“ताई, शमीमआपा गेल्या म्हनं.” दत्ताचा फोन आला तेव्हा मी बीडच्या घरी मेथी निवडत बसले होते. दत्ता आमच्या गावच्या दूध संस्थेचा गाडीवाला. मी त्याच्यावर खेकसलेच. “म्हनं काय रे? गेली का नाही गेली, नीट बघून सांग!” तो बिचारा गोंधळून गेला. आमच्याकडे मरणाची बातमीसुद्धा अशीच देतात, स्वतःच्या अंगाला लावून न घेता. पण ज्या बाईचं आख्खं आयुष्य या एका शब्दानं खाल्लं, तिच्या मरणालाही तोच शब्द चिकटून आला म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. महिना होऊन गेला, अजून ते ठिकाणावर नाही. लिहायला बसले आहे ते मन हलकं व्हावं म्हणून नाही. ते होणार नाही, हे मला ठाऊक आहे.

आमचं गाव नेकनूरच्या पुढं. माझे वडील दूध संस्थेचे चेअरमन होते आणि लग्नाआधी सकाळच्या पाळीला मी तिथं माप घ्यायला बसायची. दुधाची तपासणी शमीमकडे. ती मशिदीमागच्या गल्लीत राहायची, माझ्यापेक्षा मोठी, म्हणून आपा. नवरा रफीकभाई उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर, हंगामभर कारखान्यावरच. आपाची जीभ मोठी तिखट. कुणाच्या किटलीत लॅक्टोमीटर सोडला की भर रांगेत विचारायची, “दुधात पानी हाय, का पान्यात दूध?” पाटलाची किटली असो नाहीतर तिच्या सख्ख्या दिराची, प्रश्न तोच. लोक हसायचे, पण हसता हसता काहींच्या पोटात दुखायचं, ते मला तेव्हा कळलं नाही.

मग तो दुष्काळ आला. विहिरींनी तळ गाठला, बाजारात जनावर फुकट कुणी घेईना. कारखान्यानं माळावर चारा छावणी काढली आणि अर्धं गाव जनावरांसकट तिकडं राहायला गेलं. आपाही दोन गायी घेऊन गेली. ताडपत्रीखाली संसार, उसाच्या वाढ्यावर जनावरं, पाण्याला टँकर. एके दुपारी तिची गाय बसली ती उठेचना. छावणीत डॉक्टर नव्हता. चारा उतरवून रिकामा ट्रक तेलगावला निघाला होता, ती त्याच्या केबिनमध्ये चढली आणि डॉक्टर शोधायला गेली. डॉक्टर काही भेटला नाही. ती त्याच ट्रकनं परत आली तोवर गाय गेली होती, आणि ते तिला वाटेतच कुणीतरी सांगितलं होतं. ती केबिनमधून उतरली ती ओढणीनं डोळे पुसत. बस्स. एवढंच लोकांनी पाहिलं. परक्या ड्रायव्हरच्या शेजारून उतरली, आणि रडत उतरली. दिवस मावळायच्या आत पराचा कावळा झाला. गाय मेली हे मात्र कुणाच्या तोंडी नव्हतं.

रफीकभाई हंगाम संपवून आले तेव्हा जमातीची बैठक बसली. छावणीत संस्थेचाही हात होता म्हणून वडिलांना बोलावलं होतं. तिथं काय झालं ते त्यांनी घरी येऊन आईला सांगितलं, मी चुलीपाशी ऐकत होते. मौलवीसाहेब म्हातारे, शब्दाला शब्द न जोडणारे. त्यांनी एकच विचारलं, “देखा किसने? चार जने खडे रहो.” कुणी उठलं नाही. मग ते म्हणाले की ट्रकमधून उतरताना पाहणं म्हणजे पाहणं नव्हे. सुरमादानीत सळई जाताना दिसावी, इतकं स्वच्छ, चौघांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं लागतं. आणि ज्यानं बाईच्या अब्रूवर बोट ठेवलं आणि चार साक्षीदार आणले नाहीत, त्याला ऐंशी फटके आणि पुढं त्याची साक्ष कधीच धरायची नाही. “फटके मारायचा हक इथं कुणाला नाही,” ते म्हणाले, “पर ऊपरवाला देखरा.” बात खतम. वडील खुशीत होते. “सुटली पोरगी,” म्हणाले. आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, “त्यांच्यात निदान चार तरी लागतात. आपल्यात एक बी लागत न्हाई.”

मलाही वाटलं, सुटली. केवढा मोठा कायदा! बाईच्या भोवती चार भिंती बांधल्यासारखा. पण गाव आमचं हुशार. आरोप करणाऱ्याला शिक्षा आहे ना, मग आरोप करायचाच नाही. दुसऱ्या दिवसापासून कुणीही काहीही म्हणेना, सगळे फक्त ऐकलेलं सांगू लागले. मराठीत ‘म्हणे’, त्यांच्या घरच्या बोलीत ‘कते’. तेलगावला गेली होती म्हणे. रोती उतरी कते. वाक्याच्या शेपटाला एवढं एक लावलं की बोलणारा नामानिराळा. एकदा संस्थेत रांगेतल्या दोघी कुजबुजताना आपानं तपासणी सोडून त्यातल्या एकीचा, शेजारच्या हलीमाबीचा हात धरला. “माझ्या तोंडावर बोल की. काय केलं मी?”

“मी कुठं काय म्हनली, माय? लोकं म्हनतेत.”

“कोन लोकं? एक नाव सांग.”

“आता लोकांचं नाव काय सांगू...” हलीमाबीनं हात सोडवून घेतला आणि किटली पुढं सरकवली.

हळूहळू बायका आपा नसेल ती वेळ बघून दूध घालायला येऊ लागल्या. संस्थेच्या सभेत तपासणीला दुसरं माणूस नेमलं. का, ते कुणी बोललं नाही. वडिलांनी विचारलं तर उत्तर आलं, “आमचं काही न्हाई चेअरमनसाहेब, पन गावात चर्चा हाय.” तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी डोळ्यांनी पाहिला.

आपा पुन्हा मौलवीसाहेबांकडे गेली. त्यांनी तिला आणखी एक वाट सांगितली. खुद्द नवऱ्यानं आळ घेतला आणि साक्षीदार नसले, तर त्यानं चारदा अल्लाची शपथ घ्यायची की मी खरं बोलतोय, आणि पाचव्यांदा म्हणायचं, खोटा असेन तर माझ्यावर लानत. मग बायको चारदा शपथ घेते की हा खोटा आहे, आणि पाचव्यांदा, तो खरा असेल तर माझ्यावर खुदाचा कोप होवो असं म्हणते. तिच्या शपथेनं ती सुटते. पुढं संसार मोडतो, पण कुणी तिला बोट लावू शकत नाही. “मोडू दे,” आपा मला म्हणाली. तिला ती शपथ हवी होती. सगळ्या जमातीसमोर, मोठ्यानं, स्वतःच्या तोंडानं. त्यासाठी मी तिला बीडला एका वकिलाकडेही नेलं. तो भला माणूस होता. नवऱ्यानं खोटा आळ घेतला तर कोर्टात जाता येतं म्हणाला. मग विचारलं, “घेतलाय का?” आपा उठून उभी राहिली. परतीच्या एसटीत ती सबंध वेळ खिडकीबाहेर बघत होती.

त्याच आठवड्यात त्यांच्या अंगणात मी बसले असताना तिनं रफीकभाईंना गाठलंच. “एकदा तोंडानं म्हना. शमीमनं पाप केलं, असं म्हना. तुमी म्हनला की मला कसम खाता येती.”

“मी कावून म्हनू?” ते चपला घालत म्हणाले. “मी बघितलं का?”

“मग न्हाई केलं, असं म्हना.”

“ते तरी मी बघितलं का?”

आणि ते निघून गेले. दुष्ट नव्हते हो ते. कधी हात उगारला नाही, टाकून दिलं नाही, तिच्या हातचं जेवतही होते. पण त्या दिवशी मला कळलं की बाईला वाचवायला बांधलेल्या भिंतींचाच तिच्यासाठी कोंडवाडा केलाय, आणि त्याला दार नाही. देवाधर्मानं एवढी तजवीज करून ठेवलेली, आणि माणसांनी ती एका शेपटाच्या शब्दानं फुकट घालवली! कुठला कायदा पुरा पडणार अशा माणसांना?

नंतर पाऊस पडला, छावणी उठली, माझं लग्न झालं, मौलवीसाहेब गेले. आपाची ती जीभ कधी बोथट झाली ते सांगता येत नाही. माझ्याकडे यायची तेव्हा फोडणीत काय घातलं एवढंच बोलायची. शेवटचं आजारपण सरकारी दवाखान्यात निघालं. मी डबा घेऊन गेले होते. तिनं माझा हात धरला आणि “जा, ऊन व्हतंय,” म्हणाली.

दत्ताचा तो फोन आल्यावर मी तडक गावी गेले. अंगणात पुरुष, आत आम्ही बायका. जनाजा उचलायच्या आधी रफीकभाई उंबऱ्याशी उभे राहिले. ते आता पार वाकलेत. त्यांच्यात रीत आहे, प्रत्येक मयतीला असते. त्यांनी हात जोडले आणि रडत म्हणाले, “इसका कुछ कहा-सुना हुईंगा तो माफ करो.”

“माफ किये, माफ किये,” सगळं अंगण एका तोंडानं म्हणालं. आतल्या बायकांनीही पदर तोंडाला लावून तेच म्हटलं. मनापासून म्हटलं, मला दिसत होतं. जनाजा निघाला तेव्हा हलीमाबीनं मला कोपरानं डिवचलं, “तू बी म्हन गं.” मला बोलवेना. कशाची माफी, असं भर रांगेत विचारणारी एकच बाई त्या गावात होती, आणि तिला घेऊन पुरुष गल्लीच्या वळणाला पोचले होते.