वरच्या दोन खोल्या

कुलूप उघडलं की ती दारातूनच मोठ्यानं आवाज द्यायची, "मी आले!" आत चिटपाखरूही नसायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, पाहुणे आले असतील. मी जिना चढून गेले आणि विचारलं, "कोनाला सांगायलीस गं?" चपला काढता काढता म्हणाली, "घराला. भाडं मी देते ना काकू, मग कोण आलं ते त्याला कळायला नको?"

आता बोला!

पोरगी तेलंगणातली. चुडाव्याला स्टेशन मास्तर म्हणून आली होती. स्टेशन मास्तर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं जो मिशावाला माणूस येतो, तोच माझ्याही यायचा. ही तर माझ्या खांद्याला लागत होती. गाडीला झेंडा दाखवणारी पोरगी बघायला आमच्या गल्लीतल्या बायका मुद्दाम पॅसेंजरनं चुडाव्याला जाऊन आल्या. त्यात मीही होते, खोटं कशाला बोलू? तिथंच ओळख झाली.

तेव्हा ती आमच्याच गावात, पूर्णेत, एका कुटुंबाच्या मागच्या खोलीत राहायची. दिवेलागणीच्या आत परत यायचं, अशी त्यांची अट. हिची ड्युटी कधी सकाळची, कधी रात्रीची. रोजची कटकट. एक दिवस म्हणाली, "काकू, मला खोली नको. मला घर पाहिजे. चूल माझी, कडी माझी." आम्ही भाड्यानं राहतो तिथल्या वरच्या दोन खोल्या रिकाम्याच होत्या. मी तिला घरमालकांकडं घेऊन गेले.

मालकांनी पहिला प्रश्न विचारला, "संगं कोन राहनार?"

"कोणी नाही."

"आई? भाऊ? कुनीतरी?"

"भाऊ त्याच्या घरी राहतो. मी माझ्या घरी राहणार."

मालकांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी दारात वाघीण आणून बांधली. म्हणाले, "एकट्या बाईला घर द्यायचं म्हंजे लय जोखीम."

"मग दोघं असले की भाडं कमी करता का?" तिनं विचारलं. मला हसू आवरेना, मी पदर तोंडाला लावला. शेवटी मालक म्हणाले, दिवाळीपर्यंत बघू, नाही जमलं तर मुकाट्यानं खाली करायचं. ती म्हणाली, "जमणार."

जमवलं तिनं, पण कसं ते मी बघितलंय. घरी पाठवून जे उरायचं त्यात भाडं बसायचं, पण मग खाट बसायची नाही. चटईवर झोपायची. एक पातेलं, त्यातच भात, त्यातच वरण, आणि वरून चिंचेचं लोणचं. मी भाकरी घेऊन गेले की खायची, पण दुसऱ्या दिवशी ताट रिकामं परत येत नसे. असला ताठा! मला आवडायचा तो, उगीच कशाला लपवू.

खरी अडचण पैशाची नव्हती, पाण्याची होती. अंगणात एकच नळ आणि आम्ही तीन भाडेकरू. पाणी चार-पाच दिवसांआड यायचं, तेही केव्हा येईल त्याचा भरवसा नाही. "नळ आला!" अशी हाक पडली की ज्यानं त्यानं आपल्या पाळीला पाईप लावून ड्रम भरायचे. जो घरात नाही त्याची पाळी गेली. ही बहुतेक वेळा चुडाव्याला. ड्रम कोरडे. प्यायला जार विकत आणायची आणि बादलीभर पाण्यात सगळं भागवायची. मालक शेजारच्या ओट्यावर बसून मला ऐकवायचे, "बघा, म्या सांगितलं व्हतं. पानी भरायला तरी घरात कुनी लागतंच का न्हाई?"

मी तिला म्हटलं, "तुजे ड्रम मी भरत जाते." तर मान हलवून नाही म्हणाली. "आज तुम्ही भरलं की उद्या ते म्हणतील, एकटीला जमत नाही."

माझं टाळकंच फिरलं. "अगं ए शहाणे," मी म्हटलं, "माजं माहेर सोनपेठकडं. आमच्या बापाकडं एकच बैल व्हता, शेजारच्याकडंबी एकच. दोघं सावड करायचे. दोन बैल एका औताला, आज ह्याचं रान, उद्या त्याचं. कुनी कुनाला म्हनलं का, की तुला शेती जमत न्हाई?"

ती विचारात पडली. मग गंभीरपणे म्हणाली, "माझा बैल कोणता?"

मी सांगितलं. मी दुपारपर्यंत अंगणवाडीत असते. आमचे हे दुकानात, लेकरं-सुना बाहेरगावी. तेव्हा नळ आला तर माझीही पाळी जाते. ती रात्रपाळी करून सकाळी घरी असते. त्या वेळी माझे ड्रम तिनं भरायचे, ती नसताना तिचे मी. सावड ठरली.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? अहो, तिनं ती गाडीच्या वेळेसारखी पाळली. ड्युटीवरून आलेली, डोळे लाल, केस विस्कटलेले, आणि नळाला तेलुगूत काहीबाही बोलत पाईप ओढायची. एकदा मी विचारलं, काय म्हणतेस गं त्याला? म्हणाली, "काकू, सांगण्यासारखं नाही." माझे ड्रम घासून, भरून, वर फडकं बांधून ठेवायची आणि उलट मलाच दम द्यायची, "पाईप गळतो तुमचा. बदला."

मालकांचा ओट्यावरचा विषयच संपला. मग त्यांनी दुसरी खोडी काढली. करारावरून तिच्या वडिलांचा नंबर घेतला आणि फोन लावला. मुलगी एकटी राहते, येण्याजाण्याला धरबंद नाही, येऊन बघा. तक्रार एकही नव्हती, बरं का. नुसती जळजळ.

वडील आले. पांढरी लुंगी, खांद्यावर टॉवेल, हातात चिंचेची पिशवी आणि तोंड उतरलेलं. तिची दुसरी किल्ली माझ्याकडं असायची, मी वरचं दार उघडून दिलं. मालक लगेच वर जाऊन बसले. चहाचं निमित्त करून मीही गेले. ती ड्युटीवरून आली. नेहमीप्रमाणे दारातून आवाज दिला आणि आत बघते तर ही बैठक! बापानं एक शब्द टाकला असता तर पोरीला बोचकं बांधावं लागलं असतं.

"मालक, भाडं थकलं का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"तक्रार?"

"तक्रार न्हाई, पन जिम्मेदारी कुनाची? आता तुमचे वडील आलेत, त्येच सांगतील."

तेवढ्यात खालून हाक आली, नळ आला! म्हातारा उठला, लुंगी वर खोचली आणि निघाला पोरीचे ड्रम भरायला. ती तेलुगूत काहीतरी म्हणाली. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि पाईप आधी माझ्या दाराकडं वळवला. त्या दिवशी पहिली पाळी माझी होती.

माझे ड्रम भरले, मग तिचे. मालक वर ताटकळत बसलेले. म्हातारा गुडघ्यापर्यंत भिजून वर आला, टॉवेलनं हात पुसले आणि शांतपणे म्हणाला, "साब, मैं तो मेहमान हूँ. दो दिन में जातूँ. घर उसका है. बात उसीच से करो."

ती मालकांसमोर बसली आणि म्हणाली, "बोला."

मालक चहा पिऊन गेले. दिवाळीनंतर करार पुन्हा तिच्याच नावानं झाला.

म्हातारा ते बोलला त्या दिवशी मी खाली येऊन रडले. माझा बापही चांगला होता, लय जीव होता त्याचा माझ्यावर. पण 'घर तिचं आहे' असं वाक्य त्यानं माझ्यासाठी उच्चारलं नसतं. सुचलंच नसतं त्याला.

पुढं तिनं खाट घेतली, मग कुकर, मग खिडकीला हिरवा पडदा. आणि मग बदली झाली, तिच्याच राज्यात, आई-वडिलांच्या गावापासून तासाभरावर. मी म्हटलं, आता घरी राहशील. तर म्हणाली, "घरीच राहणार. शोधलंय मी." टेम्पोत सामान चढवलं, माझ्या पाया पडली आणि निघाली. मी तिला शिव्या घातल्या. दुसरं काही सुचेना.

नवा भाडेकरू येईपर्यंत किल्ली माझ्याकडं होती. एका दुपारी झाडून काढायला वर गेले. झाडलं, पुसलं आणि कशी कोण जाणे, आतून कडी लावून भिंतीला टेकून बसले. पन्नाशी उलटली माझी. बापाच्या घरातून नवऱ्याच्या घरात आले, लेकरं झाली, सुना आल्या. स्वतःच्या हातानं कडी लावून एकटी अशी कधी बसलेच नव्हते.

फोन वाजला. आमचे हे.

"कुठं हायस?"

"वर."

"काय करायलीस?"

"काई न्हाई. बसलेय."

"एकटीच?"

"हो," मी म्हटलं, "एकटीच." आणि फोन ठेवून दिला.